जुन्या स्टेशन वॅगनची घरची देखभाल: सुरुवात डिकीपासून

सेडान आणि तिच्यावर बेतलेली स्टेशन वॅगन यांचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन बहुतेक एकच असतं. फरक सगळा मागच्या सीटच्या पाठीमागे: लांब छत, मोठी काच आणि वर उघडणारा जड दरवाजा, त्यात वायपर, वॉशर, डीफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम रेघा), लॉक, नंबर प्लेटचे दिवे. बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी या गाड्यांचे पुढचे पार्ट अजून मिळतात, कारण त्यांची सेडान भावंडं भरपूर विकली गेली. १९९२ मध्ये आलेल्या टाटा इस्टेटचं यांत्रिक अंग टाटामोबाईल पिकअपशी जुळतं, त्यामुळे तिचंही अडत नाही. अडतं ते मागच्या काचेसाठी, टेललॅम्पसाठी, दरवाजाच्या बीडिंगसाठी, म्हणजे कडेच्या रबरासाठी. म्हणून वॅगन हाती घेतली की बॉनेट नाही, आधी डिकी उघडायची.

आणि हे काम ठाणे-नवी मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत उरकायचं. जून लागला की हवेतला दमटपणा इतका वाढतो की प्रायमर नीट वाळत नाही, सीलंट ओल्या पत्र्याला धरत नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पायाखाली पाणी असताना जॅक लावणं धोक्याचं होतं.

पाणी कुठून शिरतं

डिकीतलं कार्पेट, त्याखालचा पुठ्ठा, स्टेपनी, जॅक सगळं बाहेर काढा. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी एक-दोन रबरी बूच असतात. बोटाने कडा चाचपा. ओल, तपकिरी ओघळ किंवा जॅकवर गंज दिसला तर पाणी येतंय हे नक्की. बूच कायमचं काढून ठेवणं हा उपाय नाही. त्याच भोकातून चाकाने उडवलेलं पाणी वर येतं.

गळती शोधायला दोन माणसं आणि नळाचा पाइप लागतो. एक जण टॉर्च घेऊन डिकीत बसतो आणि दरवाजा आतून बंद करून घेतो. बाहेरचा खालून वर पाणी सोडत जातो: आधी बंपरची रेघ, मग टेललॅम्प, मग काचेची खालची कड, शेवटी छत. प्रत्येक टप्प्याला चार-पाच मिनिटं. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं भोक कुठलं ते कधीच कळत नाही. पाइपला जोर नको, पावसासारखी धार हवी. प्रेशर वॉशरने तर चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकललं जातं.

नेहमीचे गुन्हेगार असे. टेललॅम्पमागचं फोमचं गॅस्केट दहा-बारा वर्षांत पापडासारखं कडक होतं. लॅम्प आतून तीन-चार नटांनी बसवलेला असतो. काढा, जुना फोम प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ५ मिमी जाडीची बंद छिद्रांची फोम टेप लावा. उशीतला स्पंजसारखा फोम पाणी पितो, तो लावू नका. नट घट्ट पिळू नका, प्लॅस्टिकच्या लॅम्पला तडा जातो आणि नवा लॅम्प सहजी मिळत नाही.

दुसरी जागा छतावरच्या रेलचे बोल्ट आणि अँटेनाचा पाया. इथलं पाणी छताच्या अस्तराआडून खांबात उतरतं आणि दोन फूट लांब, भलत्याच कोपऱ्यात दिसतं. रेल काढून खालची जागा पुसा, गंज असेल तर घासून प्रायमर मारा, मग पॉलियुरेथेन सीलंट लावून रेल परत बसवा. बाथरूमला वापरतात तो आंबट वासाचा सिलिकॉन इथे नको. त्यातलं आम्ल पत्र्याला गंजवतं आणि एकदा लावलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

तिसरी जागा फारसं कुणी पाहत नाही. मागच्या बंपरआड, बाजूच्या पत्र्यात रबरी पडद्यांची छोटी झडप असते. दरवाजा आपटल्यावर केबिनमधली हवा तिथून बाहेर जाते. पडदे वाकडे झाले किंवा तिच्या कडेचा फोम झडला की चाकाचं पाणी आणि धूर दोन्ही आत. बंपर काढावा लागतो, पण झडप साफ करून नव्या फोमवर बसवायला अर्धा तास पुरतो.

अस्तर फक्त वॉशर वापरल्यावर भिजत असेल आणि ओलीला साबणाचा वास असेल, तर बाहेर शोधत बसू नका. मागच्या काचेला पाणी नेणारा बारीक पाइप छतातून जातो आणि दरवाजाच्या बिजागरीपाशी निसटतो. पाइपचं टोक कडक झालेलं असतं. सेंटीमीटरभर कापून, गरम पाण्यात बुडवून मऊ करून परत चढवा.

दरवाजाचं बीडिंग नीट बसतंय का ते खडूने कळतं. रबरावर पांढरा खडू सगळीकडे घासा, दरवाजा एकदाच बंद करून उघडा. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटते तिथे दाब नाही. नवं बीडिंग शोधायच्या आधी लॉकचा हूक बघा. त्याचे दोन बोल्ट सैल करून तो एक-दोन मिमी आत घेता येतो. मूळ जागा आधी मार्करने आखून ठेवा, नाहीतर चुकलं तर परत फिरायला खूण राहत नाही.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची दोन-तीन भोकं असतात. ती मातीने बुजतात आणि दरवाजा हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. केबल टायचं टोक आत घालून मोकळी करा. स्क्रू ड्रायव्हर घातला तर कडेचा रंग खरवडला जातो आणि पुढच्या वर्षी तिथूनच गंज धरतो.

दरवाजातली तुटलेली वायर

मागचा वायपर कधी चालतो कधी नाही, डीफॉगर मेला, सेंट्रल लॉक मागे लागत नाही, आणि दरवाजा अर्धवट उघडला की अचानक सगळं चालू होतं. मोटर बदलायला निघू नका. छत आणि दरवाजा यांच्यामध्ये नागमोडी रबरी नळी असते, दोष तिच्यात आहे. हजारो वेळा वाकून आतल्या वायरी तुटतात, आणि बहुतेक एकाच जागी.

१० च्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा. नळीची दोन्ही टोकं बोटाने दाबून पत्र्यातून सोडवा आणि वरचं टोक खाली सरकवा. आता एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबर बँडसारखी ताणली जाते: वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं दोन तुकडे. काहींचं आवरणही फाटलेलं असतं आणि तांबं हिरवं पडलेलं.

जोड नळीच्या आत कधीच देऊ नका. डाग दिलेली वायर तिथे काडीसारखी कडक होते आणि जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. वायर दोन्ही बाजूंना, छताच्या आत आणि दरवाजाच्या आत, न वाकणाऱ्या भागात कापा आणि मधला तुकडा पूर्ण नवा घाला, जुन्यापेक्षा तीन-चार सेंमी लांब. बारीक तारांची, मऊ आवरणाची वायर घ्या: दिवे आणि लॉकला १ चौ. मिमी, डीफॉगरच्या सप्लायला आणि अर्थला २.५ चौ. मिमी, कारण मागची काच सहज १० ते १५ अँपिअर ओढते. जोड एकमेकांपासून थोडे पुढे-मागे ठेवा. सगळे एकाच जागी आले तर तिथे गाठ होते आणि नळी परत चढत नाही. प्रत्येकावर हीट श्रिंक नळी, गरम केली की आकसून घट्ट बसणारी. वायरींचे रंग सारखे मिळणार नाहीत, म्हणून एक कापा, एक जोडा, मगच पुढची. सगळ्या एकदम कापून ठेवणारा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच बसलेला असतो.

वायर ठीक करूनही काचेवर एक-दोन पट्ट्यांतलं धुकं जात नसेल तर ती रेघ तुटली आहे. डीफॉगर चालू करून मल्टिमीटरचा काळा प्रोब अर्थला धरा, लाल प्रोबच्या टोकाला अल्युमिनियमची फॉइल गुंडाळा म्हणजे रेघ खरवडत नाही, आणि पॉझिटिव्ह टोकाकडून सरकवत जा. चांगल्या रेघेवर व्होल्टेज हळूहळू उतरतं. एका जागी ते धाडकन शून्यावर आलं की तुटलेली जागा सापडली. तिथे दोन्ही बाजूंना टेप लावून चांदीचा वाहक रंग भरा. फिल्म किंवा स्टिकर ब्लेडने काढणाऱ्यांनी या रेघा मारलेल्या असतात, आणि वॅगनची काच मोठी म्हणून नुकसानही मोठं.

दरवाजा डोक्यावर पडू नये म्हणून

डिकीचे गॅस शॉकअप दुपारी दरवाजा धरतात आणि जानेवारीच्या पहाटे सोडतात, तेव्हा ते संपलेले असतात. थंडीत आतल्या गॅसचा दाब उतरतो, एवढंच कारण. नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा, पूर्ण उघड्या स्थितीत टोकं ज्या गोल बॉलवर बसतात त्यांपैकी एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी आणि बॉलचा व्यास, या तीन गोष्टी जुळल्या तर दुसऱ्या गाडीचा शॉकअपही चालतो. आकडा मोठा घेतला म्हणजे चांगलं असं नाही. जास्त जोराने बिजागरीपाशी पत्रा वाकतो.

दरवाजाखाली भक्कम बांबू किंवा वाशाचा टेकू द्या. दुसऱ्या माणसाच्या हातावर विसंबू नका, त्याचा फोन वाजतो. बॉलवरची स्प्रिंग क्लिप बारीक स्क्रू ड्रायव्हरने फक्त उचला, पूर्ण काढू नका. शॉकअप ओढला की सुटतो. एका बाजूचा बदलून मगच दुसरीकडे जा, आणि बदलायचे जोडीनेच. दरवाजा बंद असताना बारीक दांडा खाली राहील असे बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुने शॉकअप भोसकू नका आणि जाळू नका, आत दाब शिल्लक असतो.

पत्रा आणि खाडीची हवा

वाशी, ऐरोली, सीवूड्स, कोलशेत: खाडीच्या काठाला उघड्यावर उभी राहणारी गाडी आतल्या गल्लीतल्या गाडीच्या आधी गंजते. मिठाचा थर पत्र्यावर बसतो आणि मीठ ओल धरून ठेवतं. वॅगनमध्ये बघायच्या जागा: मागच्या चाकाच्या कमानीची आत वळलेली कड, स्टेपनीच्या खड्ड्याचा जोड, दरवाजाची खालची शिवण, चाकाच्या शॉकअपचा वरचा माउंट. कमानीच्या कडेत बोट फिरवलं की ओल्या मातीचा गोळा हाताला लागतो. तो काढला तर अर्धं काम झालं.

रंग फुगलाय तिथे लोखंडी ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. कडेचा चांगला रंग दोन-तीन सेंमी घासून उतरता करा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर, हातमोजे घालून. तो काळा पडतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, बहुतेकदा २४ तास. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग. आतल्या पोकळीत नळीच्या स्प्रेने कॅव्हिटी वॅक्स. लांबी (पुट्टी) भरायचीच असेल तर प्रायमरच्या वर, पातळ. गंजावर थेट भरलेली लांबी स्पंजासारखी पाणी धरते. गणपतीपर्यंत गुळगुळीत दिसते आणि दिवाळीला सुटून येते.

स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली आणि पत्रा आत गेला तर घरचं काम संपलं. तिथे नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि मागे पेट्रोलची टाकी नि पाइप जवळ असतात. चांगला डेंटर वेल्डिंगआधी बॅटरी सोडवतो आणि आतलं कार्पेट-अस्तर काढतो. न सांगता करत नसेल तर दुसरा शोधा.

मागचं चाक, ब्रेक, शॉकअप

पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो. खाली १८ मिमी प्लायचा फूटभराचा तुकडा टाका. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर, वीट नाही, ती फुटते. गाडी गिअरमध्ये टाका. मागचा ब्रेकचा ड्रम काढायचा म्हणून हँडब्रेक सोडलेला असणार. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. वर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही.

ड्रम जाम असेल तर हातोडा मारत सुटू नका. अनेक ड्रमवर दोन रिकामी आटेदार भोकं असतात, बहुधा ८ मिमीची. त्यांत बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा आटा पिळा, ड्रम आपोआप बाहेर येतो. आतली भुकटी फुंकू नका, कंप्रेसरने तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि त्या चाकाचे ब्रेक शू तेलाने माखले असतील तर दोन्ही चाकांचे शू. काही वॅगनमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक स्प्रिंग ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. सामान वाढलं, गाडी खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तो गंजून जाम झाला की रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते किंवा भरलेली गाडी थांबायला वेळ घेते. त्याचा दांडा हलतो का तेवढं बघा. स्प्रिंगचं सेटिंग अंदाजाने बदलू नका.

मागच्या शॉकअपवर नुसती धूळ चिकटलेली चालते, तेल ओघळलेलं चालत नाही. नवे बसवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: चाक लटकत असतानाच रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की बुश पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. वॅगनसाठी त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पाच माणसं आणि सामान घेऊन गावी निघताना तोच पाळा.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले शू ड्रमला चिकटतात. सपाट जागा, गिअर आणि पाचर पुरे.

बॉनेटखाली, थोडक्यात

टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र, जाणत्या मेकॅनिककडून. किलोमीटर कमी म्हणून सूट नाही, रबर वयानेही जातं.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मा-निम्मा, आणि डब्यावर मिश्रण तयार असल्याचं लिहिलं असेल तर पाणी न घालता. मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून नळाचं पाणी चालतं, हा समज अल्युमिनियमच्या हेडला महाग पडतो. कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदू वर नेतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत. मग गार झाल्यावर पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

डिझेल वॅगनच्या फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली बाटली धरून तो सैल करा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. मग हातपंप कडक लागेपर्यंत दाबा. पेट्रोल वॅगन असेल तर इंधनाचे रबरी पाइप दर महिन्याला वाकवून बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि वीस वर्षांपूर्वीचे पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. भेगा किंवा चिकट मऊपणा दिसला की इंजेक्शनच्या दाबाला चालणारा नवा पाइप, नव्या क्लॅम्पसह. काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो.

काढलेलं इंजिन ऑइल, साधारण साडेतीन-चार लिटर, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. ते पुनर्वापरवाल्याकडे जातं. गटारात ओतलेलं शेवटी ठाणे खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो येतात आणि जिला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

पार्ट आणि कागद

मागच्या अंगाचे जुने पार्ट शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवर विसंबू नका. काच घेताना डीफॉगरच्या टोकांची टिकली शाबूत आहे का बघा. टेललॅम्प घेताना बल्बहोल्डरसह घ्या. वॅगनचं बीडिंग किंवा टेललॅम्प चांगला दिसला तर आज गरज नसली तरी उचला. घासलेला धातूचा बुश किंवा पिन असेल तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाला नमुन्यावरून बनवून देतो.

आरसी पंधरा वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, एमएच-०४ ला ठाण्यात, एमएच-४३ ला नवी मुंबईत. तपासणीला गाडी दाखवावी लागते. मागचे सगळे दिवे, हँडब्रेक आणि गंज आधीच आटपलेले असावेत. एक बारीक गोष्ट: नंबर प्लेटच्या दिव्यांसाठी मागची पट्टी काढताना एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं) स्नॅप लॉक तोडावं लागत असेल तर थांबा. ते एकदाच बसतं. दिवे आतून, दरवाजाचं ट्रिम काढून मिळतात का ते आधी बघा.

सगळं बसवल्यावर कार्पेट लगेच टाकू नका. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि दोन्ही कोपऱ्यांत वर्तमानपत्राचा एकेक कागद पसरा आणि पहिल्या जोरदार पावसानंतर, घोडबंदरच्या खड्ड्यांतून एक फेरी मारून, बघा. कागद कडेने भिजला असेल तर पाणी बाजूच्या झडपेतून किंवा टेललॅम्पमधून येतंय. मधोमध थेंबांचे डाग असतील तर वरून, दरवाजाच्या बीडिंगमधून किंवा छताच्या रेलमधून. कोरडा राहिला तर कार्पेट टाका.